आजीनं आईला का टाकलं? मोताळा ते धाड, तीन दिवस

आधीच सांगते. यात लोणारचं सरोवर नाही, शेगावचं दर्शन नाही. फोटो चारच आहेत आणि त्यातले दोन कागदाचे. बुलढाणा जिल्ह्यात जायचं म्हणून कोणी वाचत असेल तर एसटीची, खाण्याची, मुक्कामाची माहिती मिळेल. बाकी सगळं माझ्या घरचं आहे. दोन्ही गावांची नावं लिहिणार नाही. माणसं अजून तिथं राहतात आणि भांडण झालं तेवढं पुरे झालं.

जुन्या वाचणाऱ्यांना माहीत आहे, मी यात्रेच्या गाड्यांवर स्वयंपाकाला जाते. शाळा सातवीपर्यंत, ती पण रडतखडत. पन्नास-पन्नास माणसांचे पोहे परतत काशीपासून रामेश्वरपर्यंत देश पाहिला आणि लिहायची सवय लागली. या वेळी गाडी नव्हती, कंपनी नव्हती, कोणाला खाऊ घालायचं नव्हतं. एकटी गेले. कारण माझी माय.

मायचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती चार वर्षांची असताना तिचा बाप तापानं वारला. वर्षभरात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, पाट लावून दिला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते वाजतगाजत होत नसे, अंधारात चार माणसांत उरकत. आणि मूल बाईबरोबर जात नसे. मूल बापाच्या घरचं. आजी गेली, माय राहिली. मायला तिच्या काकानं वाढवलं, त्यानंच लग्न करून दिलं. आजी नंतर कधी आली नाही. घरात तिच्याबद्दल दोनच शब्द होते: टाकून गेली.

माय आता पंचाहत्तरीला आली. चार वर्षांपासून माझ्याकडे नाशिकला आहे. या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला सलाईन चालू असताना मला म्हणाली, "तू एवढा मुलूख हिंडतं. माह्या मायचं गाव पाहून ये ना एकडाव. पुस त्याइले, मले काऊन टाकलं."

"आता कोण असणार तिथं सांगायला?"

"असंन कोनी. टाकलं तं टाकलं, पन भेटाले बी काऊन आली नाई? दोन दिवसाचा पायरस्ता व्हता."

"गाव कोणतं?"

"मले काय मालूम. घाटावर देली म्हनत."

बुलढाणा जिल्ह्याचे दोन मजले आहेत असं समजा. खाली मलकापूर, मोताळा, ते घाटाखाली. वर बुलढाणा, चिखली, धाड, ते घाटावर. घाटावर गावं शेकड्यानं. म्हणजे पत्ता शून्य. मला राग आला, कारण मी घाईची बाई आहे आणि असलं अर्धवट काम मला जमत नाही. पण आयुष्यात मायनं माझ्याकडं मागितलं ते हेच.

मार्च अखेरीला निघाले. नाशिक रोडहून सकाळची गाडी, दुपारी मलकापूर. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले, तर्री लालभडक पण नुसतीच तिखट, मीठ विसरलेलं. तिथून मोताळ्याची एसटी, तासाभराचा रस्ता. बायकांना अर्ध तिकीट आहे, सुटे पैसे हातात ठेवा, कंडक्टरशी वाद घालायचा तर घाला पण खिडकी आधी पकडा. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कपाशी निघून गेलेली, बांधावर पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचे ढीग, काळी जमीन भेगाळलेली. ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लावला तर चटका बसे. मोताळ्याहून गावापर्यंत काळीपिवळी जीप. नऊ जणांच्या जागेत पंधरा. मी सोळावी.

गावात शालिकमामा आहेत. मायला वाढवणाऱ्या काकाचा मुलगा, म्हणजे मायचा चुलत भाऊ. सत्तरीचे आहेत. त्यांनी मायला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं, दिवाळीला न्यायला आले, माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्यामागं तेच उभे होते. त्यांच्या सुनेनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा वाढला. भाकरी चांगली होती. मी दुसऱ्याच्या हातचं सहसा चांगलं म्हणत नाही.

जेवण झाल्यावर विषय काढला. मामांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"काऊन उकरून राह्यली व तू? मेली असंन ते कवाच."

"मेली असेल. गाव सांगा."

"मी तवा पाळन्यात व्हतो. मले काय मालूम?"

"काका कधी काही बोलले असतील."

"बाप बोलला नाई. पाट लागलेल्या बाईचं नाव घेत नसत आमच्यात." मग हसून सुनेला म्हणाले, "पाह्य व, नाशिकहून चौकशी अधिकारी आली. चहा ठेव, नाईतं मले बी आत टाकन."

सकाळी मला शेत दाखवायला घेऊन गेले. हरभरा निघालेला, विहिरीला अजून पाणी. म्हणाले, "हा एक तुकडा आमचा, तो पल्याडचा तुह्या आजोबाचा व्हता. बापानं एकत्र केला." मी हो म्हटलं. मला घाई होती. मोताळ्याला तहसीलमध्ये जायचं होतं.

आता ज्यांना घरातलं जुनं माणूस कागदात शोधायचं आहे त्यांनी हे नीट वाचा. वऱ्हाडात पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवत असे. त्या वह्यांना कोतवाल बुक म्हणतात आणि त्या तहसीलच्या अभिलेख खोलीत असतात. जाताना गावाचं नाव, पुरुषाचं नाव आणि साधारण वर्ष घेऊन जा. बाईच्या नावानं शोधू नका, सापडत नाही. अर्ज बाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जनवीसाकडून लिहून घ्या. अर्ज, तिकीट, नक्कल सगळं धरून माझे दोनशेच्या आत गेले.

मला भेटलेला अर्जनवीस म्हातारा होता, कानात अत्तराचा बोळा, समोर जुनी पत्र्याची पेटी. मी बसायच्या आधीच त्यानं कागद काढला.

"कोन्या जातीचं काढाचं हाय?"

"जात नको. आजी पाहिजे."

त्यानं चष्मा कपाळावर नेला. "माय व! चाळीस वर्षं झाली इथं बसून, सारे जात मांगाले येतात. आजी मांगाले कोनी आलं नाई."

"मग आज आलं. लिहा लवकर."

"लिवतो. आजी कुठं पळून नाई चालली."

"पळूनच गेली म्हणतात," मी म्हटलं. तो हसला नाही. शहाणा माणूस.

दोन तासांनी वही समोर आली. कडा उंदरांनी नाही, हातांनी खाल्लेल्या. अक्षर मला लागेना, म्हणून अर्जनवीसाला आत बोलावून घेतलं, आणि तिथल्या साहेबांनीही बसू दिलं. आधी मायचा जन्म सापडला. बापाचं नाव, आज्याचं नाव, जात, आणि पुढं एकच शब्द, "मुलगी". नाव नाही. बारशाच्या आधीची नोंद असते म्हणून नावं नसतात, असं कळलं. मग चार वर्षांनी आजोबांचा मृत्यू. कारण ताप. त्यापुढं आमच्या घरचं काही नाही. आजी त्या वहीत कुठंच नाही. ती तिथं जन्मली नव्हती आणि तिथं मेली नव्हती.

मी पिशवी उचलली. अर्जनवीस म्हणाला, "जमीन व्हती का तुह्या आजोबाले?"

"होती."

"मंग फेरफार पाह्य ना. जमिनीच्या कागदात बाया सापडतात. तिचा हक्क सोडवाचा असला म्हंजे बरोबर लिवतात."

फेरफार म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की तलाठी करतो ती नोंद. ते रजिस्टर यायला दुपार झाली. त्यानं बोट ठेवून वाचलं. मी नक्कल घेतली आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते, फक्त नावं गाळून: "खातेदार मयत. विधवा पत्नी पाट लावून मौजे अमुक येथे गेली. मुलगी मयत. अन्य वारस नाही. सबब सख्खा भाऊ याचे नाव दाखल."

मौजे अमुक. धाडजवळचं गाव. मायनं मागितलेलं गाव त्या ओळीत होतं आणि मला ते दिसलंच नाही. मी दुसऱ्याच शब्दावर अडकले.

"परत वाचा."

"मुलगी मयत."

"कोणाची मुलगी?"

"याचीच. एकच तं व्हती, वर लिवली हाय."

"ती जिवंत आहे. सकाळी मला फोन करून गुडघ्याच्या तेलाची बाटली कुठं ठेवली ते विचारत होती."

न सांगता म्हाताऱ्यानं कोतवाल बुक परत ओढून घेतलं आणि त्या दोन-तीन वर्षांचे सगळे मृत्यू एकेक करून पाहिले. त्या घरची पोरगी कुठं नव्हती.

"मेल्याची नोंद नाई," तो म्हणाला. "कोतवालाच्या वहीत मेली नाई. फेरफारात मेली."

"सांगितलं कोणी तलाठ्याला?"

"वर्दी देनार, भाऊ. हा अंगठा."

काकाचा अंगठा. निळा पडलेला, पण रेषा दिसत होत्या. विधवा पाट लावून गेली की तिचा हक्क संपला. उरली चार-पाच वर्षांची पोर. ती असेपर्यंत तो पल्याडचा तुकडा तिचा. म्हणून ती कागदावर गेली. आणि गेलेल्या पोरीला त्याच माणसानं वाढवलं, आणि त्याच घरानं सत्तर पावसाळे भाचरांसकट तिचं माहेरपण केलं.

मोताळा स्टँडवरून शालिकमामांना फोन लावला. रसवंतीचं यंत्र शेजारी खडखडत होतं, मला ओरडावं लागलं.

"मामा, फेरफार सापडला."

मग म्हणाले, "मालूम व्हतं मले. बाप जाताना बोलला."

"मग मायला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं व? तिचं लगन कोनं केलं? पयलं बाळंतपन कोन्या घरात झालं? तुह्या लगनात तुह्यामांगं कोन उभा व्हता, सांग?"

"तुम्हीच होता."

"मंग?"

"मग काही नाही. तेच तर."

"जमीन पाह्यजे का तुले?"

"आग लागो जमिनीले," म्हणून मी फोन बंद केला. खरं लिहायचं तर एसटीत बसल्यावर मी मनातल्या मनात तो तुकडा किती एकर असेल त्याचा हिशोब केलाच. खोटं कशाला बोलू.

मोताळ्याहून बुलढाण्याला राजूर घाट चढून जावं लागतं. लोक त्याचं कौतुक करतात, वानरं आहेत, वळणं आहेत, वर गेल्यावर हवा गार होते. झाली असेल. मी कागदाच्या नकलेकडं बघत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "केस चालू हाय का?" मी म्हटलं, "संपली." तिनं मला दोन बोरं दिली.

बुलढाण्यात स्टँडजवळ लॉज सातशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीनं. खाली खानावळीत झुणका-भाकरीचं ताट चांगलं दिसत होतं. मी अर्धं टाकून उठले. आयुष्यात ताट टाकणाऱ्यांना शिव्या दिल्या आहेत मी, त्या दिवशी स्वतःच टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाडची एसटी, पाऊण तास. बाजाराचा दिवस होता. स्टँडपासूनच मिरचीचे, कांद्याचे ढीग, चपलांची दुकानं, तंबूत चहा. भाषा इथं बदलते, घाटाखालचं "मले, तुले" कमी होतं, जालन्याकडचा हेल येतो. बाजार उरकून परतणाऱ्या जीपमध्ये बसले आणि त्या गावात उतरले. पारावर एका म्हाताऱ्याला आजीचं नाव सांगितलं, घाटाखालून पाट लावून आणलेली असं पण सांगितलं, लाज कशाची.

"त्या तर कवाच वारल्या. सून हाय की त्यांची. तो निळा दरवाजा."

सून म्हणजे आजीच्या दुसऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाची बायको. आजीला तिथं पोटचं मूल झालं नाही, त्या सावत्र मुलालाच तिनं वाढवलं. तो आता नाही. सून सत्तरीची, बुटकी, काटक. मी गेले तेव्हा ती गच्चीवर कुरडया घालत होती. गव्हाचा चीक पातेल्यात, वाफा निघत होत्या, आणि तिची नातसून सोऱ्या फिरवायला खाली-वर करत होती. चीक गार झाला की कुरडई मोडते. तिला हात थांबवणं शक्य नव्हतं आणि मला वाट बघणं शक्य नव्हतं. मी पदर खोचला आणि सोऱ्या हातात घेतला.

"बया, तुमी कोन म्हनायच्या?" ती म्हणाली, पण सोऱ्या परत मागितला नाही. माझ्या हाताकडं बघून कळलं असेल तिला.

"तुमच्या सासूबाईंच्या लेकीची लेक."

"सासूबाईंना लेक नव्हती."

"मागल्या घरची."

"हां, ती होती. पन ती ल्हानपनीच गेली की. देवी आल्या होत्या."

"गेली नाही. माझी आई आहे ती. नाशिकला असते माझ्याकडं."

तिनं चिकाचा गोळा परत पातेल्यात टाकला. हात तसाच चिकट, हवेत धरलेला.

"गोदी?" ती म्हणाली.

मायचं माहेरचं नाव गोदावरी. मी मान हलवली. नातसून म्हणाली, "आजी, चीक गार होतोय," तर तिला म्हणाली, "होऊ दे मेला."

पुढचं तिनं सांगितलं तसं सांगते. तिनंही ते सासूच्या तोंडून ऐकलेलं. पाट लागून दीडेक वर्ष झालं असेल. दीर, म्हणजे मायचा काका, स्वतः चालत आला. आजीनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं. विचारलं पोर कशी आहे, आणि उत्तराची वाटही न बघता गाठोडं बांधायला घेतलं. शेंगदाणे, गूळ, आणि एक परकर, तिनं आधीच शिवून ठेवलेला. गाठ मारत होती तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या वैनी. पोरगी राह्यली नाई."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रडली. जाते म्हनली, तर तो म्हनला आता काय पाहाचं तिथं, सगळं झालं. मग उठली आन् भाकर टाकली त्याला. पाव्हना एवढा चालून आलेला, उपाशी कसा पाठवावा?"

"जेवला तो?"

"जेवला म्हने."

मी तीस वर्षं लोकांना वाढते आहे. गाडीत कोणी मेलं तरी मागच्या सीटवरचे लोक चहा मागतात, हे पाहिलं आहे. पण ही भाकरी तो कशी जेवला असेल ते मला आज लिहिताना पण कळत नाही.

नंतर ती मला खाली घेऊन गेली. नात्यानं ती माझी मामी, आणि तासाभरात मी तिला मामी म्हणायला लागले होते. माजघरात फळीवर चार मातीच्या घागरी पालथ्या ठेवलेल्या, तीन मोठ्या आणि एक लहान. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या भागात घरच्या मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात. ते पाणी त्यांना पोचतं असं म्हणतात. मामी एकेक दाखवत गेली. "ही सासऱ्याची. ही सासूबाईंची. ही आमच्या मालकांची." मग थांबली.

"आन् ही ल्हानी गोदीची."

मी त्या लहान घागरीला हात लावला.

"सासूबाई होत्या तवर त्या भरायच्या. जाताना मला म्हनल्या, बाकीच्यांचं एक वेळ चुकलं तर चुकू दे, गोदीची घागर चुकवू नको, तिला मागं कोनी नाही. चाळीस वर्षं होत आली, मी चुकवली नाही. घागर फुटली तर नवी आनली, पन ल्हानीच आनली. पाच-सहा वर्षांची पोर, तिला केवढं पानी लागनार?"

मग ती एकदम घाबरली. माझा हात धरला. "जित्या मानसाची घागर भरली की हो मी. पाप लागलं का मला? तिच्या जिवाला काई झालं का, दुखनं-खुपनं?"

"गुडघे दुखतात," मी म्हटलं. "ते सगळ्यांचेच दुखतात."

"तिला पुसा. बंद कर म्हनली तर यंदापासून बंद करते."

परत वर गेलो. चीक गार झाला होता. नातसुनेनं तो परत शिजवला, आणि राहिलेल्या कुरडया आम्ही तिघींनी घातल्या. निघताना मामीनं मागल्या वर्षीच्या कुरडया बांधून दिल्या, आणि मी नको म्हटलं नाही.

धाडहून संभाजीनगरची एसटी मिळते, तिथून नाशिकला गाड्यांना तोटा नाही. हा रस्ता मलकापूरपेक्षा लांब पडतो, पण गाडी बदलायची कटकट कमी. माझी पाठ मोडली, ते खड्ड्यांमुळं की वयामुळं ते सांगता येत नाही.

रस्ताभर एकच विचार. मायला काय सांगायचं? तिच्या कोपऱ्यात देवांच्या बाजूला काकाचा फोटो आहे. रोज हळदकुंकू लावते ती त्याला, तो तिचा बापच. आजीनं का टाकलं हे सांगायचं तर काकानं काय केलं हे सांगावं लागतं. एक दिलं की दुसरं काढून घ्यावं लागतं. अर्धं सांगून भागवता येईल का, यावर मी नाशिक येईपर्यंत सगळं डोक्यात फिरवलं. मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, घरी येऊन तीन दिवस झाले तरी माझ्या तोंडातून शब्द निघेना.

शेवटी मायनंच विचारलं. "सापडली?"

"वारली. मी बारा-तेरा वर्षांची असताना."

"ते तं मालूम व्हतंच. काऊन टाकलं ते सांग."

"टाकलं नाही, माय. तिला सांगितलं तू मेलीस."

"कोनं?"

मी सगळं सांगितलं. फेरफार, अंगठा, गाठोडं, भाकरी. ती गव्हातले खडे वेचत होती, वेचत राहिली. मग म्हणाली, "तू बारा वर्षांची म्हंजे मी खामगावात व्हती. एका जिल्ह्यात व्हतो आमी."

नंतर बऱ्याच वेळानं, "काकानं मले कधी मारलं नाई. ताप आला तं उशाशी बसे." ती काकाची बाजू घेत होती की नव्हती, मला कळलं नाही. फोटो तिनं काढला नाही. पण हळदकुंकू लावणं बंद आहे. दोन दिवस जेवण जवळजवळ नाही. मी स्वतःला पोटभर शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "परकर कोन्या रंगाचा व्हता?"

मी ते विचारलं नव्हतं. वहीचा पान क्रमांक लिहून आणला, फेरफाराचा नंबर लिहून आणला, एसटीचं टाइमटेबल लिहून आणलं, आणि हे विचारलं नव्हतं. मामीला फोन लावला. तिलाही माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं माणूस आता कुठंच नाही.

तुम्ही कोणी असे कागद काढायला जाणार असाल तर जा. खोलीत पंखा नसतो, पाण्याची बाटली ठेवा, जाताना नातलगांकडं जेवायचं ते कागद बघायच्या आधी जेवून घ्या. आणि घरी जाऊन कोणाला किती सांगायचं ते निघायच्या आधी ठरवा. मी बरोबर केलं का हे मला अजून माहीत नाही. मायला सत्तर वर्षांनी आई मिळाली, आणि शालिकमामांचा फोन ती उचलत नाही. ते रोज करतात.

घागरीचं मात्र मी सगळ्यात शेवटी सांगितलं होतं, भीत भीत. बंद करू का म्हणून मामी विचारते आहे, असंही सांगितलं. माय म्हणाली, "नको. तिनं लावून देलेलं हाय."

"अगं, मेलेल्या माणसाचं असतं ते."

"असू दे. तिच्या हातचं माह्या वाटनीले तेवढंच हाय."

अखजीच्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला. मी फोन मायच्या हातात दिला. दोघी आधी कधी बोललेल्या नव्हत्या. मामी म्हणाली, "ताई, बाकीच्या भरल्या. तुमची भरू ना?"

"भर व बाई," माय म्हणाली. "फोन ठेवू नको मात्र. तसाच राहू दे."

मामीनं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या, आणि पाणी पडायला लागलं. मायनं फोन कानाशी दाबून धरला आणि डोळे मिटले. मी बाजूला उभी होते, मलाही ऐकू येत होतं. घागर लहानच. दोन तांब्यांत भरली.